टेस्टोस्टेरॉनचे उपचार आणि जिम: नव्याने सुरू करताना कुठे थांबायचं

सिंधुदुर्गातल्या एका लहानशा जिममध्ये मी नव्या मंडळींना व्यायाम शिकवतो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण गेल्या काही वर्षांत जिममधली विचारणा बदलली आहे. पूर्वी पोरं प्रोटीन पावडरीबद्दल विचारायची. आता चाळिशीतले गृहस्थ मोबाइलवर टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे पुरुषी हार्मोनचा, लॅब रिपोर्ट उघडून समोर धरतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "दादा, ह्यां इंजेक्शन घेतलंय तर फरक किती दिवसांत दिसतलो?"

या प्रश्नाचं सरळ उत्तर पुढे आहेच. त्याआधी एक नियम सांगतो, कारण बाकीचा लेख त्याच्याच आधाराने चालतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिचा परिणाम दिसेपर्यंत दुसरीला हात लावू नका. इंजेक्शन, जिम, नवा आहार आणि डब्यातली पावडर हे सगळं एकाच सोमवारी सुरू केलं आणि दोन महिन्यांनी बीपी वाढलं, गुडघा दुखायला लागला, पाठीवर पुळ्या आल्या, तर दोष कोणाचा? तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

हा लेख ज्यांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आहे, किंवा तसा संशय आहे, अशा पुरुषांसाठी आहे. ट्रान्स पुरुषांची टेस्टोस्टेरॉन थेरपी वेगळी असते, तिची तयारी आणि तपासण्याही वेगळ्या, त्यामुळे ती इथे घेतलेली नाही.

पहिली पायरी: रिपोर्ट खरा आहे का ते बघा

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, म्हणून इथे जरा रेंगाळू.

टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखं नसतं. सकाळी ते सर्वांत वर असतं आणि दुपारनंतर उतरतं. म्हणून रक्त सकाळी, साधारण ८ ते १० च्या दरम्यान आणि उपाशीपोटी द्यायचं. पाणी प्यायला हरकत नाही, उलट नीट पाणी पिऊनच जा. शरीरात पाणी कमी असेल तर रक्त घट्ट दिसतं आणि दुसरेच आकडे बिघडतात.

एक रिपोर्ट कमी आला म्हणजे निदान झालं असं नाही. वेगवेगळ्या दिवशी किमान दोन वेळा आकडा कमी यायला हवा आणि जोडीला लक्षणंही हवीत. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या, २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तरुण, सडपातळ, निरोगी पुरुषांसाठी खालची मर्यादा २६४ नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर धरली आहे. तिथल्याच युरोलॉजिस्टांची संघटना ३०० धरते. तुमच्या रिपोर्टवर तिसराच आकडा छापलेला असेल, कारण प्रत्येक लॅबचं यंत्र आणि पद्धत वेगळी. म्हणून दोन्ही तपासण्या एकाच लॅबमध्ये करा. आपल्याकडच्या कलेक्शन सेंटरमधून सॅम्पल बऱ्याचदा मोठ्या शहरात जातं. रिपोर्टच्या कोपऱ्यात प्रत्यक्ष तपासणी केलेल्या लॅबचं नाव असतं, तेवढं जुळवून बघा.

आता आपल्या भागातली गोष्ट. एक तांडेल (मासेमारी बोटीचा प्रमुख) माझ्याकडे रिपोर्ट घेऊन आला होता. आकडा २१० च्या आसपास, घरचे घाबरलेले. विचारलं, रक्त कधी दिलंस? तर रात्रभर बोट समुद्रात, पहाटे मासळी उतरवली, लिलाव आटोपला, घरी जाऊन दोन घास खाल्ले आणि दुपारी तीनला लॅबमध्ये. म्हणजे झोप नाही, पोट भरलेलं आणि वेळ दुपारची. त्या रिपोर्टवर इंजेक्शन सुरू केलं असतं तर आयुष्यभराचं औषध एका चुकीच्या दुपारच्या भरवशावर मागे लागलं असतं. त्याला तीन-चार रात्री घरी नीट झोप घेऊन सकाळी परत तपासायला सांगितलं. दुसरा आकडा सरळ मर्यादेच्या वर आला.

झोपेचा परिणाम किरकोळ समजू नका. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली तरुण, निरोगी पुरुषांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. रात्रपाळीवाले, बोटीवरचे आणि आंब्याच्या सीझनमध्ये रात्र रात्र पेट्या भरणारे, सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तापातून उठल्या उठल्या ही तपासणी करू नये. कोकणात पावसाळ्यात लेप्टो, डेंग्यू, मलेरिया आहेच. कोणत्याही मोठ्या आजारपणात टेस्टोस्टेरॉन तात्पुरतं खाली जातं. पूर्ण बरे व्हा, काही आठवडे जाऊ द्या, मग बघा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. काही यंत्रांवर त्या गोळ्यांमुळे हार्मोनचे आकडे चुकतात.

लक्षणांचंही तसंच. "दमायला होतं" एवढ्यावर काही ठरत नाही. थायरॉइड, साखर, रक्त कमी असणं, डोक्यावरचं कर्ज, काहीही दमवतं. कामेच्छा मंदावणं, सकाळचा ताठरपणा बंद होणं, दाढी आणि अंगावरचे केस विरळ होणं, साध्या पडण्यातून हाड मोडणं ही जास्त बोलकी लक्षणं. ही डॉक्टरांना सांगायला लाज वाटते हे मला ठाऊक आहे. चिठ्ठीवर लिहून न्या आणि त्यांच्या हातात द्या.

दुसरी पायरी: कमी का झालं ते शोधा

आकडा दोनदा कमी आला तरी प्रश्न उरतोच: का? मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन पाठवते आणि त्या हुकुमावर वृषण टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू बनवतात. हुकूम जोरात येतोय पण कारखाना बंद, की कारखाना ठीक पण हुकूमच येत नाही, हे या दोन तपासण्यांवरून कळतं. वयात आल्यानंतर झालेल्या गालगुंडात वृषण सुजले असतील, लहानपणी ते खाली उतरलेच नसतील, केमोथेरपी झाली असेल, तर दोष कारखान्याचा. पिट्यूटरीवर गाठ असेल तर दोष वरचा. सतत डोकं दुखणं आणि दोन्ही बाजूंचं दिसणं अंधूक होणं या तक्रारी असतील तर जिम बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. प्रोलॅक्टिन हे पिट्यूटरीचंच आणखी एक हार्मोन, त्याचीही तपासणी याच टप्प्यावर.

पण माझ्याकडे येणाऱ्यांत सर्वांत जास्त दिसतं ते साधंच असतं. पोट सुटलेलं, साखर वाढलेली, रात्री घोरणं असं की शेजारच्या खोलीतला जागा होतो, आणि संध्याकाळची रोजची बैठक. घोरता घोरता श्वास अडकत असेल तर तो स्लीप अ‍ॅप्नियाचा प्रकार असू शकतो. तो तसाच ठेवून टेस्टोस्टेरॉन सुरू केलं तर त्रास वाढू शकतो. सांधेदुखीवर कोणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या खात असाल तर तेही सांगा. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं आणि तेही टेस्टोस्टेरॉन खाली नेतं. अशा लोकांचं वजन उतरलं, झोप सुधारली, दारू कमी झाली की आकडा पुष्कळदा सुईशिवाय वर येतो. डॉक्टरांनी तीन-चार महिने मागितले तर द्या. ते टाळाटाळ करत नाहीत.

तिसरी पायरी: मूल हवं असेल तर इथेच थांबा

बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना हुकूम पाठवणं बंद करतो. शुक्राणू बनणं मंदावतं, कित्येकांचं शून्यावर येतं. औषध बंद केल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण त्याला महिने लागतात आणि कधी वर्ष-दोन वर्षं. लग्न ठरलेलं पोरगं किंवा दुसऱ्या मुलाचा विचार करणारं जोडपं असेल तर हे पहिल्या भेटीतच डॉक्टरांना सांगायला हवं. त्यांच्याकडे एचसीजी, क्लोमिफीन असे वेगळे मार्ग असतात, ज्यांत स्वतःचं उत्पादन चालू राहतं. कोणता कोणाला, हे त्यांनीच ठरवायचं. हा निर्णय बायकोला विचारून घ्या. मागाहून तिला कळलं तर टेस्टोस्टेरॉनपेक्षा मोठा प्रश्न उभा राहील.

चौथी पायरी: सुरू करण्याआधीची नोंद

प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) वाढलेला, लघवीचा जोरदार त्रास, आधीच घट्ट असलेलं रक्त, गेल्या सहा महिन्यांत हार्ट अ‍ॅटॅक किंवा पक्षाघात, आटोक्यात नसलेलं हार्ट फेल्युअर, रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती: यांपैकी काही असेल तर साधारणपणे हे उपचार सुरू करत नाहीत. म्हणून आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा, म्हणजे रक्त किती घट्ट ते), चाळिशीनंतर पीएसए, साखर, लिपिड आणि बीपी यांची नोंद हवी. ही पहिली पानं जपून ठेवा. पुढचा प्रत्येक रिपोर्ट यांच्याशीच ताडून बघायचा असतो.

हार्मोनचे तज्ज्ञ आपल्याकडे गावोगावी नाहीत. वेंगुर्ला, सावंतवाडीकडची माणसं गोव्यात बांबोळीला किंवा पणजीला जातात, कणकवलीची कोल्हापूर गाठतात, बाकी मुंबई आहेच. म्हणून एक फाइल करा आणि जुन्यापासून नव्यापर्यंत क्रमाने कागद लावा. मोबाइलमध्ये फोटो ठेवले तरी कागद हवेतच. घाटात रेंज नसते आणि ओपीडीत पाच मिनिटंच मिळतात.

पाचवी पायरी: औषध कोणत्या रूपात

डॉक्टर लिहून देतील तेच घ्यायचं. पण कोणत्या रूपाला काय सांभाळावं लागतं, हे माहीत असलेलं बरं.

टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटचं मोठं इंजेक्शन १००० मिलिग्रॅमचं, चार मिलिलीटर तेलकट औषध. पहिल्यानंतर सहा आठवड्यांनी दुसरं आणि मग १० ते १४ आठवड्यांच्या अंतराने. ते कमरेखाली खोल स्नायूत, अगदी सावकाश द्यावं लागतं. क्वचित तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात जाऊन एकाएकी खोकल्याची उबळ येते, धाप लागते, चक्कर येते. म्हणून टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा. लगेच बाइकला किक मारून निघू नका. सिस्टर "काही होत नाही, जावा" म्हणाल्या तरी बसा.

मिश्र एस्टरचं, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचे वेगवेगळे प्रकार एकत्र केलेलं, २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन साधारण तीन आठवड्यांनी देतात. त्यात शेंगदाण्याचं तेल असतं, तेव्हा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. याचा चढउतार जास्त. पहिले काही दिवस एकदम उत्साह आणि तिसऱ्या आठवड्यात मरगळ. मरगळ आली की माणूस म्हणतो, डोस वाढवा. डोसापेक्षा दोन इंजेक्शनांमधल्या अंतराबद्दल डॉक्टरांशी बोला.

जेल रोज सकाळी अंघोळीनंतर, कोरड्या खांद्यांवर आणि दंडांवर लावायचं. कोकणात जेलचा प्रश्न दमटपणाचा आहे. मे महिन्यात अंघोळ करून बाहेर येईस्तोवर परत घाम. पंख्याखाली अंग कोरडं होऊ द्या, जेल लावा, ते पूर्ण वाळू द्या, हात साबणाने धुवा आणि वरून सदरा घाला. पुढचे पाच तास, किंवा पाकिटावर लिहिलं असेल तितका वेळ, पोहणं नाही, समुद्रात उतरणं नाही आणि घामाचा व्यायामही नाही. गजकर्ण झालेल्या किंवा खरचटलेल्या जागी जेल लावू नका. पावसाळ्यात गजकर्ण कोणाला होत नाही! तेव्हा जागा रोज बघून घ्या.

याहून महत्त्वाचं म्हणजे लहान मुलं. आपल्याकडे घरात उघड्या अंगाने, पंचा गुंडाळून बसायची सवय. नातू येतो आणि खांद्यावर चढतो. जेल त्वचेवरून त्वचेवर जातं. अशा संपर्काने लहान मुलांमध्ये वयाआधी वयात येण्याची लक्षणं दिसल्याची आणि बायकांच्या अंगावर केस वाढल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. घरात पोरं असतील तर उघड्या अंगाने बसणं बंद, किंवा जेल बंद करून दुसरं काही. कॅप्सूल असेल तर ती जेवणासोबत, आणि जेवणात थोडी चरबी हवी. पेजेवर घेतली तर अंगात फारशी लागत नाही.

सहावी पायरी: किती दिवसांत

आता त्या प्रश्नाचं उत्तर. कामेच्छेतला फरक साधारण तीन आठवड्यांत जाणवू लागतो आणि सहा आठवड्यांच्या आसपास स्थिरावतो. ताठरपणाला सहा महिनेही लागू शकतात. मन थोडं हलकं वाटणं तीन ते सहा आठवड्यांत, पण उदासी पुरती ओसरायला त्याहून बराच जास्त काळ. स्नायू आणि ताकद यांतला फरक १२ ते १६ आठवड्यांनी दिसू लागतो आणि सहा महिने ते वर्षभरात एका पातळीवर येतो. हाडांचं काम तर सहा महिन्यांनी मोजण्याइतपत दिसतं आणि तीन वर्षांपर्यंत चालू राहतं.

पहिल्या काही आठवड्यांत अंगात पाणी धरतं, काटा वर जातो, दंड भरल्यासारखे वाटतात. आरशाला फसायला होतं ते इथेच. ते पाणी आहे, मांस नव्हे. पायाला सूज दिसली तर मात्र कळवा.

रक्त घट्ट होणं मात्र नेमकं तुम्ही खुशीत असता तेव्हाच घडतं. हिमॅटोक्रिट तीन महिन्यांच्या सुमाराला वाढायला लागतो आणि नऊ ते बारा महिन्यांत शिखरावर पोचतो. म्हणजे ज्या काळात तुम्हाला सगळ्यात छान वाटत असतं आणि तपासणीचा कंटाळा येतो, नेमक्या त्याच काळात तपासणी सर्वांत गरजेची असते.

सातवी पायरी: जिम

डॉक्टरांनी घाई नाही असं सांगितलं असेल, तर माझा सल्ला असा: आधी दोन-तीन महिने नुसतं जिम करा, औषध नंतर. झोप, वजन आणि ताकद यांत व्यायामाने किती फरक पडला ते कळेल, आणि कदाचित औषधाची वेळच येणार नाही. पिट्यूटरी किंवा वृषणाचा ठाम आजार असेल तर औषधाला उशीर करू नका. मग जिमच पहिले सहा आठवडे हलकं ठेवा.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. प्रत्येक वेळी सगळं अंग: खुर्चीवर बसून उठल्यासारखा स्क्वॉट, कमरेतून वाकून हलकं वजन उचलणं, छातीने ढकलणं, पाठीने ओढणं आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. प्रत्येकाचे दोन सेट, म्हणजे दोन फेऱ्या, आणि एका फेरीत दहा-बारा रेप्स, म्हणजे तीच हालचाल तितक्या वेळा. सेट संपला तेव्हा आणखी तीन रेप्स सहज निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. तोंड वाकडं होईपर्यंत ओढायचं नाही. वजन दर दोन आठवड्यांनी वाढवा, तेही अडीच किलोने. श्वास कोंडून धरू नका. बीपी १४०/९० च्या वर असेल तर आधी ते आटोक्यात आणा.

"पण मी तर पन्नास किलोची गोण उचलतो," हे मला रोज ऐकू येतं. खरं आहे. जाळी ओढणाऱ्या, आंब्याच्या पेट्या चढवणाऱ्या माणसाची पकड आणि कंबर माझ्यापेक्षा भारी असते. पण ती ताकद ठरावीक हालचालीची असते. खांद्याच्या वर वजन नेताना किंवा खोल स्क्वॉट मारताना तेच सांधे नवखे असतात. शिवाय दिवसभराच्या कामाचा थकवा घेऊन तुम्ही जिममध्ये येता. मासेमारीचा किंवा बागेतल्या कामाचा जोराचा दिवस झाला असेल तर त्या दिवशी जिम नको.

टेस्टोस्टेरॉन सुरू असताना धोका वेगळाच. स्नायूंना ताकद येते, पण स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा तितक्या लवकर तयार होत नाहीत. त्यांना स्नायूंपेक्षा कितीतरी जास्त महिने लागतात. हापूसच्या नव्या कलमाला पहिल्या दोन-तीन वर्षांत मोहोर आला तर आपण तो खुडून टाकतो ना, खोड भरू दे म्हणून? पहिल्या सहा महिन्यांत आलेल्या जोराचं तसंच करायचं. आज साठ किलो निघतंय म्हणून साठ लावायचं नाही. कोपर, खांदा, टाचेमागची शीर इथे सकाळी उठल्यावर ओढ लागत असेल तर वजन उतरवा, औषधाच्या जोरावर दाबून नेऊ नका.

आपल्या हवेबद्दल दोन शब्द. दमट हवेत घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी लवकर किंवा रात्री आठनंतर या. लाइट गेली की पंखे बंद पडतात. अशा वेळी "एक सेट मारून निघतो" हे टाळा, बाहेर वाऱ्याला बसा. कोकमाचं पाणी मीठ घालून, किंवा साधं लिंबूपाणी जवळ ठेवा. व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग दुखणं साहजिक. पण अंग भयंकर ताठरलं, सुजलं आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर तो स्नायू फुटल्याचा इशारा असू शकतो आणि त्याचा मार किडनीवर बसतो. त्याच दिवशी दवाखाना.

खाऱ्या वाऱ्याने लोखंड खातं. आमच्याकडे दर आठवड्याला बारवर तेलाचा फडका फिरवतो, तरी वजनं धरून ठेवणारी कॉलर अडकते. व्यायामाला हात घालण्याआधी केबलची वायर जिथे हुकात शिरते तिथे बोट फिरवून बघा. एखादी तार उसवलेली लागली तर ते मशीन सोडा. पावसाळ्यात लादी ओली असते, म्हणून जिमचे बूट वेगळे ठेवा, चिखलातले घालून येऊ नका.

खाण्याचं थोडक्यात

रोज वजनाच्या किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. सत्तर किलोच्या माणसाला साधारण ८५ ते ११० ग्रॅम. १०० ग्रॅम बांगड्यात वीसेक ग्रॅम, एका अंड्यात सहा. कुळथात १०० ग्रॅमला बावीसेक ग्रॅम असतात, पण वाटीभर पिठीत कुळीथ मुठीएवढाच पडतो, हे विसरू नका. पिठी-भातावर "प्रोटीन झालं" असं होत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आणि मागोमाग श्रावण, तेव्हा या दिवसांचं गणित आधीच मांडा: अंडी, चवळी, काबुली चणे, दही, पनीर. सुकट आणि खारा बांगडा प्रथिनांना उत्तम, पण मीठ फार. बीपीवाल्यांनी नि अंगात पाणी धरणाऱ्यांनी ते धुऊन, बेताने खावं. किडनीचा आजार असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत, डॉक्टरांना विचारा.

आठवी पायरी: तपासण्या चुकवू नका

सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांत पहिली तपासणी, मग वर्ष पूर्ण झाल्यावर आणि पुढे दरवर्षी: टेस्टोस्टेरॉन, हिमॅटोक्रिट, पीएसए. टेस्टोस्टेरॉनचं रक्त कधी द्यायचं हेही औषधावर अवलंबून. मोठ्या अनडेकॅनोएट इंजेक्शनला पुढच्या डोसच्या आधी. जेलला लावल्यानंतर दोन ते आठ तासांत, आणि ज्या दंडावर जेल लावलं त्या हातातून रक्त देऊ नका, आकडा खोटा चढतो.

हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेला तर औषध थांबवतात, तो उतरल्यावर कमी मात्रेने परत बघतात. हे दुर्मीळ नाही. ऑस्ट्रेलियात दोन वर्षं चाललेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पाचांतल्या एकाहून जास्त जणांचा हिमॅटोक्रिट ५४ पर्यंत पोचला होता. "रक्तदान केलं की झालं" हा जिमचा सल्ला आहे. रक्तदानाला जाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

हृदयाचं काय, असं सगळे विचारतात. २०२३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच हजारांहून जास्त पुरुषांवरचा अभ्यास आला. हृदयविकाराचा धोका असलेले, टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असलेले, ४५ ते ८० वयाचे पुरुष. हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात यांचं प्रमाण नुसत्या बिनऔषधी जेलच्या तुलनेत वाढलेलं दिसलं नाही. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात गुठळी जाणं आणि किडनीला अचानक इजा होणं जास्त दिसलं. त्याच अभ्यासातून २०२४ साली आलेल्या आकड्यांत हाडं मोडण्याचं प्रमाणही टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत जास्त निघालं. आणि हे सगळं नीट मोजलेल्या, देखरेखीखालच्या डोसांवर. जिममध्ये कोणी "कोर्स" म्हणून विकतो ते याच्या कितीतरी पट असतं आणि बाटलीत नक्की काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मेडिकलमधून, चिठ्ठीवर, बिलासकट घ्या. मित्राने बाथरूममध्ये टोचलेल्या सुईने गळू झालेला माणूस बसू शकत नाही, हे मी पाहिलंय.

कबड्डी खेळणाऱ्यांसाठी वेगळी ओळ: टेस्टोस्टेरॉन वाडाच्या (खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेच्या) यादीत कायम बंदीत आहे, स्पर्धा असो वा नसो. खरा आजार असेल तर आधी अर्ज करून उपचारासाठी सूट घ्यावी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी खिशात असून भागत नाही.

छातीत दुखणं, अचानक धाप, एका पायाची पोटरी सुजून गरम होणं, चेहरा किंवा हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं: यांपैकी काही झालं तर १०८ ला फोन, वाट बघायची नाही.

खंड पडला तर

आंब्याचा सीझन, गणपती, जत्रा, शिमगा. कोकणात वर्षाला जिमचे तीन-चार खंड ठरलेलेच. आठवडाभर सुटलं तर जिथे होतात तिथूनच चालू करा. तीन-चार आठवडे सुटलं तर साधारण निम्म्या वजनापासून, आणि हळूहळू वर. औषधाचा डोस चुकला तर पुढचा दुप्पट घेऊ नका, फोन करून विचारा. स्वतःहून एकदम बंदही करू नका. बाहेरून येणाऱ्या टेस्टोस्टेरॉनमुळे स्वतःचं उत्पादन झोपलेलं असतं, ते जागं व्हायला आठवडे किंवा महिने लागतात आणि मधल्या काळात माणूस गळून जातो. बंद करायचंच असेल तर डॉक्टरांसोबत ठरवून.

इंजेक्शनच्या तारखा कॅलेंडरवर वर्षभराच्या एकदम मांडा. एखादी तारीख चतुर्थीच्या आठवड्यात किंवा आषाढातल्या धो धो पावसात येत असेल, जेव्हा घाट कधी बंद पडेल सांगता येत नाही, तर डॉक्टरांना दोन महिने आधी सांगा. मोठ्या इंजेक्शनला १० ते १४ आठवड्यांची मुभा असते, तेवढ्यात ते तारीख अलीकडे-पलीकडे बसवून देतात.